परदेश, पुण्यापासून ९५ किलोमीटर

परदेशी फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींचे सरळसरळ दोन गट पडतात. पहिला सात दिवसांत पाच देश ‘करणारा’. दुसरा एकाच शहरात दिवसभर उन्हात रेंगाळणारा. आम्ही नवरा-बायको दुसऱ्या गटातले. दोन वर्षांपूर्वी लिस्बनला गेलो होतो, तेव्हा एक अख्खा दिवस आम्ही काहीही ‘पाहिलं’ नाही. चढ-उताराच्या गल्ल्यांतून भटकलो, नदीकाठी बसलो, बाजारात बायका भाजी कशी निवडून घेतात ते बघत उभे राहिलो. त्या ट्रिपमधला तोच दिवस आजही निघाला की तासभर गप्पा होतात.

पण पुण्याच्या आसपास आपण असं कधी हिंडतो का हो? जुन्नरचंच बघा ना. शिवनेरी केला, लेण्याद्री केलं, ओझर केलं, संध्याकाळी सातला चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हजर! जुन्नर नावाचं एक गावही तिथे आहे, त्याला पेठा आहेत, जुने वाडे आहेत, याचा पत्ताच नसतो.

यंदा जानेवारीत हा योग जुळून आला तो जरा वेगळ्याच कारणाने. नवरोबाला बर्लिनची ऑफर आली होती. तीन वर्षांसाठी. उत्तर सोमवारपर्यंत. म्हणजे माझी नोकरी आणि सहा महिन्यांपूर्वी झालेलं प्रमोशन इथेच ठेवून जायचं. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मीच म्हटलं, शुक्रवारी दोघंही सुट्टी टाकू, लिस्बनसारखा एक दिवस काढू. अट एकच, दिवसभर बर्लिनचं नाव काढायचं नाही. कुठे जायचं, तर तो म्हणाला जुन्नर. त्याच्या आजीचं माहेर त्या बाजूचं.

सकाळी साडेसहाला निघालो. नाशिक हायवेने नारायणगाव, तिथे तर्रीबाज मिसळ, मग डावीकडे वळून जुन्नर. गावात शिरण्याआधी दक्षिणेला मानमोडीचा डोंगर लागतो. तिथल्या लेण्यांकडे सहसा कुणी फिरकत नाही, कारण गर्दी सगळी लेण्याद्रीला. एक टीप देऊन ठेवते : इथे आग्या मधमाश्यांची मोठाली पोळी असतात. परफ्यूम, डिओ मारून जाऊ नका, आरडाओरडा तर मुळीच नको.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. इतकी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल. मानमोडीतल्या भूतलिंग गटात एक अर्धवट राहिलेलं चैत्यगृह आहे. त्याच्या कमानीत उमललेल्या कमळाच्या पाकळ्या कोरल्यात, मधल्या पाकळीत लक्ष्मी उभी. आणि तिथेच वर ब्राह्मी लिपीतली एक छोटीशी ओळ आहे. लेण्याच्या दर्शनी भागाचं हे दान चंद नावाच्या यवनाचं, एवढंच ती सांगते. यवन म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक, किंवा एकूणच पश्चिमेकडून आलेला माणूस. जुन्नरच्या लेण्यांत अशा तीन यवनांची दानं नोंदलेली आहेत. चंदाने दर्शनी भाग दिला, चिट नावाच्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, इरिल नावाच्याने पाण्याची दोन टाकी.

हे लोक आले कुठून? कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात माल उतरायचा आणि नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख त्याच घाटातल्या गुहेत आहे, आणि तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकात टाकायचे असं सांगतात. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर हे कुणाचं तरी फॉरेन होतं! तिथे माणसं कामधंद्याला यायची, रमायची आणि कमाईतून पाण्याची टाकी खोदून द्यायची.

“त्याच्या बायकोने नोकरी सोडली असेल का रे?” मी विचारलं. अट मोडली होती. नवरोबा हसला, पण उत्तर काही दिलं नाही.

अकराच्या सुमाराला शिवनेरी. उन्हाचा चटका होता, पण हवेत गारवा. सात दरवाजे, शिवाईदेवीचं देऊळ, गंगा-जमुनेच्या टाक्यांचं थंडगार पाणी, आणि मग ती वास्तू, जिथे १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजीमहाराज जन्मले. शाळेच्या सहलीत इथे ओळीने पुढे ढकलले गेलो होतो. या वेळी मात्र कुणी घाई करणारं नव्हतं. कडेलोटाच्या बाजूला जाऊन बसलो, खाली जुन्नरची कौलं आणि गच्च्या, समोर लेण्याद्रीचा डोंगर, दुसरीकडे वडज धरणाचं पाणी.

तिथे बसून नवरोबाने मला अफनासी निकितिनची गोष्ट सांगितली. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेव्हा इथे बहामनी अंमल. पावसाचे दोन महिने त्याने जुन्नरमध्ये काढले. सगळीकडे चिखल, आणि गोरा माणूस बघायला मागे लागलेली माणसं. किल्ल्याची वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीने जाता येत नाही, असंही त्याने लिहून ठेवलंय. (याच प्रवासावर १९५७ साली भारत आणि रशियाने मिळून ‘परदेसी’ काढला. नर्गिस आणि ओलेग स्त्रिझेनोव्ह! आई-बाबांना विचारा.)

निकितिनने विकायला एक घोडा आणला होता, त्याची सगळी पुंजी त्यातच. इथल्या असदखानाने तो काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदल, घोडाही घे आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड. परक्या गावात एकटा माणूस! शेवटी खुरासानच्या एका मुहम्मद नावाच्या गृहस्थाने मध्ये पडून त्याचा घोडा सोडवला. निकितिन पुढे बिदरला गेला, आणखी हिंडला, पण घरी पोचायच्या आत, स्मोलेन्स्कजवळ वारला.

“ही गोष्ट तू मला जाऊ या म्हणून सांगतोयस की नको म्हणून?” मी विचारलं.

“मुहम्मद भेटला पाहिजे,” तो म्हणाला. “बाकी काय!”

दुपारी जेवायला गावात. या भागात येऊन मासवडी खाल्ली नाही तर फाऊल! नावावर जाऊ नका, शुद्ध शाकाहारी. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, लसूण यांचं सारण भरून वळलेली वडी, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. त्यानंतर बाजारपेठेत निरुद्देश फेरी. काळी द्राक्षं, विळे, घोंगड्या, मोबाइलची कव्हरं, सगळं एकाच रांगेत. दुकानदाराने कुठले म्हणून विचारलं. पुण्याचे म्हटल्यावर “किल्ला बघायला?” “नाही, गाव बघायला.” त्याने बायकोला हाक मारून आम्हाला दाखवलं.

इथियोपियात जन्मलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीची राजधानी काही काळ याच गावात ठेवली होती. आता त्या वैभवाचं फार उरलेलं नाही. हापूसबागेतला सौदागर घुमट मात्र जरूर बघा, नक्षी अजून शाबूत आहे आणि आत कमालीचा गारवा असतो.

साडेतीनला जुन्नर सोडलं आणि घोडेगावकडे निघालो. तालुक्याचं नाव आंबेगाव, कचेऱ्या मात्र घोडेगावला. मूळ आंबेगावचं काय झालं, ते नवरोबाच्या आजीच्या माहेरी जाऊन उभं राहिलं की कळतं. घोड नदीवर डिंभे धरण झालं, १९९० च्या दशकात पाणी भरलं आणि ज्याच्या नावाचा तालुका ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. आसपासच्या वाड्यांमधल्या आदिवासींच्या जमिनीही गेल्या. त्यांतल्या काहींनी पुढे सहकारी संस्था काढून याच पाण्यात मासेमारी सुरू केली. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पाच वाजता जलाशयाच्या काठच्या रस्त्यावर गाडी लावली. ऊन कलतं, पाणी निळंशार, भीमाशंकरच्या बाजूचे डोंगर जांभळे. इतकं सुंदर, की इथे कुणाचं घर होतं हे सांगूनही पटू नये. माझ्या मनात दिवसभर हिशेब चालला होता, कोण किती सोडणार याचा. चंद, इरिल, निकितिन यांना सोडून निघण्याचा निर्णय स्वतः घेता आला होता. आजीच्या माहेरच्यांना तो कुणी विचारलाच नव्हता. आणि मला? मला तर गेला आठवडाभर दोन्ही बाजूंनी विचारलंच जात होतं, मीच उत्तर देत नव्हते. तिथेच मी त्याला सांगितलं की पहिलं वर्ष तू एकटा जा, मी माझ्या ऑफिसात बिनपगारी रजेचं विचारते, मिळाली तर दुसऱ्या वर्षी येईन. तो गप्प बसला. मग म्हणाला, “सोमवारी हेच कळवू या. पण तिकडच्या स्वयंपाकाचं तूच शिकवून ठेव.”

मग त्याने आजीला व्हिडिओ कॉल लावला. ती चिंचवडला काकांकडे असते. त्याने फोन पाण्याकडे वळवला.

“अरे पाणी काय दाखवतोस,” आजी म्हणाली, “उजवीकडे फिरव. देवळाचा कळस दिसतो का बघ.”

जानेवारीत धरण चांगलं भरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात, आत्ता काहीच नव्हतं. तरी त्याने फोन उजवीकडे फिरवला, आणि आजी दहा मिनिटं सांगत राहिली, बाजार कुठे भरायचा, शाळा कुठे होती, विहिरीवर रांग कुठून लागायची.