कणगीतला इतिहास

आज बाजारात ज्वारीची पोती पाहिली आणि दामाजीपंत आठवले. दुष्काळात बहामनी सुलतानाची कोठारं लोकांना खुली करणारे, आमच्या मंगळवेढ्याचेच. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते मालदांडी ज्वारी विकास संघाच्या खटपटीमुळं. मानांकनाला पिकाचा इतिहास पुराव्यानिशी मांडावा लागतो. काळ्या रानात नुसत्या ओलीवर येतं, एवढं सांगून भागत नाही.

ज्वारीचं झालं. माणसांचं? चोखोबा इथंच गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे. सोबत राबलेल्यांचं नावही कुठं नाही. जयंत्या आपण दणक्यात करतो, डीजेसकट! त्यातली थोडी वर्गणी वह्यांवर घाला आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यंदाच उतरवून घ्या.