बारा दिवसांची फेरी

रडारच्या चित्रात आंबेगाव तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. मंचर-घोडेगावच्या बाजूला पत्र्याची छपरं, पूल, पाण्याच्या टाक्या, सिमेंटच्या गच्च्या. तिथे मोजता येण्याजोगे ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. डिंभे धरण मागे टाकून पाटण आणि आहुपे खोऱ्यांत शिरलं की ते विरळ होतात आणि भीमाशंकरच्या रानात जवळजवळ संपतात. जुन्नरचंही तेच. शिवनेरीचा उघडा कातळ स्क्रीनवर उठून दिसतो, नाणेघाटाकडच्या झाडोऱ्यात मात्र खडखडाट. जमीन कुठे सरकते हे मोजणं माझं काम, आणि दरडीची भीती नेमकी तिथे, जिथे ठिपके नाहीत.

पद्धत सांगायला सोपी आहे. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह सुमारे सातशे किलोमीटर उंचीवरून दर बारा दिवसांनी त्याच वाटेने जातो, तिरक्या नजरेने खाली लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी टिपतो. दोन फेऱ्यांची तुलना केली की मधल्या काळात जमीन किती हलली ते निघतं. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. तिला जायचं आणि यायचं असतं, म्हणून जमीन उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर २.८ सेंटिमीटर हलली की तुलनेच्या चित्रात रंगांचं एक कडं पूर्ण होतं. फक्त मिनिटकाटा असलेल्या घड्याळासारखं हे आहे: काटा कुठे आहे ते बिनचूक कळतं, तास किती उलटले ते कळत नाही. तास मोजायचे ते शेजारच्या ठिपक्यावरून पुढच्या ठिपक्यावर जात जात. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं स्नॅफू नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं आणि ठिपके दाट असतील तर चोख करतं. मध्ये ओढा, रान किंवा धरणाचा फुगवटा आला, की पलीकडच्या काठावर ते एखादं कडं कमीजास्त धरून बसतं आणि अख्खी वाडी जागची हलल्यासारखी दिसते. उडी २.८च्या पटीत असेल तर मी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतो, डोंगरावर नंतर.

त्यानंतरचा संशय हवेवर. खोऱ्यातली हवा दमट आणि माथ्यावरची कोरडी असली की लहरींना कमीजास्त उशीर होतो, आणि तो उशीर हुबेहूब जमीन हलल्यासारखा दिसतो. रंगांचे पट्टे डोंगराच्या उंचीप्रमाणे पायरी-पायरीने चढत असतील, तर ते बाष्प आहे, भूस्खलन नव्हे. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचायला मिळतं, पण डोळ्याला त्याची सवय व्हायला एक-दोन पावसाळे जावे लागतात. शिवाय उपग्रह साधारण दक्षिणोत्तर धावतो आणि बाजूला बघतो. त्यामुळे थेट उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे घसरणाऱ्या उताराची आडवी हालचाल त्याला जवळपास दिसतच नाही. अशा उतारावर शून्य आलं तर त्या शून्यावर भरवसा ठेवायचा नाही.

हल्ली ही सगळी साधनं फुकट मिळतात. युरोपीय अंतराळ संस्थेचं स्नॅप आहे, अनेक वर्षांच्या फेऱ्या एकत्र मांडायला मिंटपाय आहे, स्टॅम्प्स आहे. बरा लॅपटॉप असेल तर रात्रभरात अख्ख्या तालुक्याचा नकाशा निघतो. खरी कसोटी त्यानंतर, सुसंगतीच्या मर्यादेशी. एकाच ठिकाणाहून दोन्ही वेळा सारखाच प्रतिसाद आला का, हे शून्य ते एक अशा आकड्यात मिळतं. आपण ठरवलेल्या मर्यादेच्या खालचे ठिपके गाळायचे. मर्यादा खाली ओढली की नकाशा कसा भरून येतो! तांबडा, पिवळा, निळा, कुठेही मोकळी जागा नाही. बैठकीत तोच नकाशा सगळ्यांना आवडतो. मी दाखवतो त्या नकाशाचा पश्चिम भाग बहुतेक पांढरा असतो, आणि "हे राहिलंय का अजून?" असा प्रश्न हमखास येतो. राहिलेलं नसतं. तिथे आपल्याला काही माहीत नाही, एवढंच तो पांढरा रंग सांगत असतो, आणि तो भाग रंगवून देण्यापेक्षा पांढरा ठेवून चार बोलणी खाल्लेली बरी.

रडारला ढगांतून दिसतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण ढग पार करून लहर जिथे पोचते ते झाडाचं पान असतं. बारा दिवसांत पान हललेलं, वाढलेलं, भिजलेलं असतं. खाचरांत भात लावलेला असतो, बांधांवर गवत माजलेलं असतं. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम आंबेगावातलं चित्र सर्वांत वाईट निघतं, आणि दरडी कोसळतात त्या याच काळात.

३० जुलै २०१४ला, बुधवारी सकाळी, याच भागातलं माळीण गाव गाडलं गेलं. सततच्या पावसाने भिजलेला मुरूम-मातीचा लोट चाळीसहून अधिक घरांवर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. उतारावर यंत्राने केलेली सपाटी, पडकईची म्हणजे उतारावर भातखाचरं पाडण्याची कामं, झाडतोड, पाण्याचा न होणारा निचरा, यांवर पुढे पुष्कळ चर्चा झाली. रडारवाल्यांना विचारलं जातं ते वेगळंच: तुम्हाला आधी दिसलं असतं का? सेंटिनेल-१ त्याच वर्षी ३ एप्रिलला अवकाशात गेला होता आणि त्याची चित्रं सर्वांसाठी खुली झाली ऑक्टोबरमध्ये. पण ती जुलैत मिळाली असती, तरी माझं उत्तर बदलत नाही. वर्षाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर सरकणारा उतार या पद्धतीला छान सापडतो. पाणी मुरून मुरून काही मिनिटांत सुटलेला लोट तिला सापडत नाही. त्याआधी काही महिने जमीन हळूहळू सरकत असेल आणि तिथे मोजता येण्याजोगा ठिपका असेल, तरच आशा. तळिये आणि इर्शाळवाडीच्या दरडींनंतरही हाच प्रश्न आला, आणि उत्तरही हेच द्यावं लागलं.

नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला तो ३० जुलै २०२५ला. तोही बुधवार. हा निव्वळ योगायोग, पण आमच्या भागात काम करणाऱ्याला तारीख वाचल्यावर थांबायला झालं. निसारवर दोन रडार आहेत, त्यांतल्या एकाची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची. ती पानांमधून पार होते, फांद्या-खोडांशी आणि जमिनीशी बोलते, म्हणून रानातही सुसंगती टिकण्याची शक्यता जास्त. नकाशाचा पांढरा भाग त्याने कमी होईल. मात्र फेरी इथेही बारा दिवसांचीच, आणि लहर लांब म्हणून एका कड्यात बारा सेंटिमीटर मावतात. बारीक हालचाल ओळखायला हात जास्त सांभाळून चालवावा लागतो.

रानात ठिपका नसेल तर आपण तो बसवू शकतो. धातूचे तीन त्रिकोणी पत्रे एकमेकांशी काटकोनात जोडायचे, उघडं तोंड उपग्रहाकडे, खाली काँक्रीटचा पाया. कोपऱ्यात आलेली लहर सरळ माघारी जाते. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात तळाला भोक ठेवलं नाही तर भीमाशंकरच्या पावसात त्याचं घमेल्यासारखं डबकं होतं, भोक ठेवलं तर ते पाल्याने बुजतं. बैल अंग घासतात. पत्रा भंगारात चांगला विकला जातो. जागा द्यायला मात्र सहसा कोणी नाही म्हणत नाही. "इथं लावा, आमच्या वरच्या अंगाला" असंच सांगतात.

तरी मला विचाराल, तर भेग दिसल्यावर तिच्या दोन्ही काठांवर लोखंडी गज ठोकून मधलं अंतर फितीने मोजणं, याच्याइतकं कामाचं काही नाही. विंधनभोकात नळी सोडून, तिच्या खाचेतून शलाका उतरवून, खोलीवर कुठला थर सरकतो ते पाहता येतं. पाण्याचा दाब मोजता येतो. ती साधनं महाग, आणि प्रत्येक वाडीला पोचणार नाहीत. गज पोचतात. रडारचा उपयोग हा, की शेकडो उतारांपैकी कुठल्या दहा-वीस ठिकाणी गज ठोकायचे ते उन्हाळ्यातच कळतं. एप्रिल-मे महिन्यांतली, गवत वाळलेलं असतानाची चित्रं त्यासाठी सर्वांत चांगली.

अशाच एका वाडीत गजांची फीत वाचायचं काम एक ताई करतात. त्यांना दिलेल्या वहीत तीन रकाने होते: तारीख, अंतर, पर्जन्यमापकातला पाऊस. श्रावणात वही बघितली तर समासात पेन्सिलीने चौथा रकाना आखलेला, "झरा". त्यात कुठे "निवळ", कुठे "गढूळ", आणि एके दिवशी "बंद". "तुमच्या कामाचं नसलं तर खोडते," त्या म्हणाल्या. वाहता झरा भर पावसात अचानक बंद होणं म्हणजे आतल्या पाण्याने वाट बदलली असण्याची शक्यता, आणि ते कुठल्याही उपग्रहावरून दिसत नाही. त्या दिवशी फितीतही अंतर वाढलेलं होतं, आणि वरच्या तीन घरांतली माणसं रात्री शाळेत झोपायला गेली होती. मला ते महिन्याभराने कळलं. या वर्षीच्या वहीत चौथा रकाना छापूनच घेतलाय, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तलाठ्यांचा फोन नंबर, त्याखाली शाळेची किल्ली कोणाच्या घरी असते ते.