वडिलांचा तंबोरा

मुलांनो, माझ्या वडिलांचा जुना तंबोरा एकाएकी मुका झाला. आमच्या गावच्या दुकानदाराने त्याला हातही लावला नाही. "नवा घ्या," म्हणाला. मला फार वाईट वाटले. शेवटी मी मिरजेला गेलो. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्ही ऐकले असेल. तिथे एका वृद्ध कारागिरांनी तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटून ऐकला. घोडी कानशीने हलकेच घासली, तारेखाली सुताचा दोरा सरकवला. यालाच जवारी काढणे म्हणतात. आणि काय सांगू! तंबोरा घुमू लागला. मी पाकीट काढले. ते म्हणाले, "आधी घरी वाजवून बघा. सूर टिकला, तर पैसे पाठवा." घरी वडिलांनी तार छेडली. बराच वेळ ते बोललेच नाहीत. पैसे मी दुसऱ्याच दिवशी पाठवले.