मका, चुना आणि शेंगाची चटणी

आमच्या कुंभारीत मका म्हणजे वैरण. हिरवा कापून म्हशीपुढं टाकायचा. फार तर चार कणसं भाजून खायची. मक्याची भाकरी मात्र आमच्या घरात कधी झाली नाही. आईनं ती १९७२च्या दुष्काळात खाल्ली होती. दिवसभर खडी फोडायची, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेचा लाल मिलो, कधी मका. "थापताना चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. लेकरं तुकडे बघून रडायची," एवढंच ती सांगायची.

मागच्या दिवाळीला माझी लेक पुण्याहून आली आणि म्हणाली, "आई, टाको करू या. मेक्सिकोत रस्त्यावर मिळतात तसे, पीठसुद्धा घरचं." टाको म्हणजे मक्याची तळहाताएवढी मऊ भाकरी; तिच्यात उसळ नाहीतर मटण, कांदा, कोथिंबीर, वर लिंबू. दुमडायची आणि उभ्यानंच खायची.

चक्कीवरचं कोरडं पीठ त्याला चालत नाही. किलोभर वाळला मका, अडीच-तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना. भांडं स्टीलचं घ्यायचं. जर्मलचं नको, चुना त्याला खातो. अर्धा-पाऊण तास मंद शिजवून रात्रभर तसंच झाकून ठेवायचं.

"काय करलालीस गं? मक्याला चुना?" आईनं विचारलं.

सकाळी मका चोळून धुतला तर साली हातात निघून आल्या. शेजारच्या तेलुगू काकूंच्या इडलीच्या ग्राइंडरमध्ये तो ओलाच वाटला. मेक्सिकोत हेच काम दगडी पाट्यावर व्हायचं. पीठ असं चिकट झालं, की आधणाचं पाणीसुद्धा लागलं नाही.

आईनं न विचारता एक गोळा उचलला आणि हातावर थापला. कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकली तर टम्म फुगली. आई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली.

लेकीनं मग सांगितलं. तिकडं हजारो वर्षं मका चुन्यात, नाहीतर राखेत शिजवूनच खातात. त्यानं पीठ धरतं, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होऊन अंगी लागतं. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागंच राहिली. इटलीत नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, जुलाब लागायचे, डोकं फिरायचं.

वरून काय घालायचं, याला आम्हाला कुठं जावं लागलं नाही. तिकडच्या व्हेराक्रूझ भागात वाळकी मिरची, लसूण आणि शेंगदाणे तेलात तळून वाटतात, 'साल्सा माचा' म्हणतात. आपली सोलापूरची शेंगाची चटणीच की! मिरची आणि शेंगा दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्याच. त्या इथं आल्या, आपण उखळात कुटल्या आणि आपल्या झाल्या. मक्याला तेवढी सवड मिळाली नाही. तो भुकेच्या वर्षी पोत्यातून आला, कसा खायचा हे न सांगता.

"आमाला मका दिला, तवा चुना बी सांगायचा होता की," आई म्हणाली.

एवढं बोलून तिनं आपण थापलेली भाकरी नातीच्या ताटात वाढली, आणि स्वतःसाठी ज्वारीची चतकोर मागितली.