दिवाळं

मराठीत काही शब्द असे आहेत की ते उच्चारताना घरातली माणसं आपोआप आवाज खाली आणतात. 'दिवाळं' त्यातलाच एक. पूर्वी म्हणे ज्याचं दिवाळं निघालं तो व्यापारी पेढीवर भरदिवसा दिवा लावून ठेवायचा, येणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं. आपणही दिवा लावावा का, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे.

माझा सांगलीत बाइंडिंगचा आणि थोड्याफार छपाईचा धंदा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. कागदाचा लगदा झाला आणि कर्जावर घेतलेलं मशीन गाळात गेलं. सावरतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन. शाळाच बंद, तर रजिस्टरं कोण बांधून घेणार? फायनान्सवाल्यांनी मशीन उचलून भंगाराच्या भावात विकलं आणि राहिलेल्या बाकीसाठी दावा लावला. हुकूमनामा झाला: चार लाख साठ हजार, वर व्याज.

मला वाटायचं, निकाल लागला की विषय संपतो. पण खरी सुरुवात तिथून होते. पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत लावता येते. बारा वर्षं! तोवर माझी मुलगी शाळा, कॉलेज सगळं उरकून बसलेली असेल.

आईची भीती वेगळी होती. "अरे, तुला आत टाकतील का रे?" वकीलसाहेबांनी तिला शांतपणे समजावलं. दिवाणी कैद कायद्यात आहे, पाच हजारांवरच्या रकमेला तीन महिन्यांपर्यंत. पण आधी नोटीस द्यावी लागते. आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं, की केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात घालता येत नाही. ऐपत असून तो बुडवतोय, असं काहीतरी दिसावं लागतं. बायकांना तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटकच नाही. त्या रात्री आई बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

जप्तीचंही तसंच. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम मी आता जवळजवळ पाठ केलंय. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा दागिना आणि कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. म्हणजे माझा दाभण आणि सुई शाबूत! १९०८ सालचा कायदा, पण लिहिणाऱ्याला एवढं कळत होतं, की माणसाची हत्यारंच नेली तर तो फेडणार कशानं?

मग दिवाळखोरीचं काय? तुम्ही म्हणाल, नवा कायदा आलाय ना. आलाय, २०१६ साली. त्यात गरीब कर्जदाराला 'नवी सुरुवात' देणारं प्रकरणसुद्धा आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता सुरू झालाय. माझ्यासारख्याला आजही १९२० चाच कायदा, आणि मुंबईत राहत असतो तर १९०९ चा. अर्ज करायला कर्ज किती हवं? पाचशे रुपये! आकडा तेव्हाचाच राहिलाय.

कोर्टानं नादार ठरवलं की असलेली मालमत्ता रिसीव्हरकडे जाते, आणि घेणेकऱ्यांना परस्पर वसुली करता येत नाही. पुढे सुटकेचा अर्ज करायचा, तो मान्य झाला तर कोरी पाटी. पण सुटका होईपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी गुन्हा. म्हणजे किराणावाल्याला आधी ओळख करून द्यायची! आणि हो, आमदारकीही लढवता येत नाही. बायको म्हणाली, "तेवढं एक सोसेन मी."

चेष्टा बाजूला. आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले, ते सावकारांची दप्तरं जाळायला. त्यांच्यावरचे कित्येक हुकूमनामे एकतर्फी झालेले होते, कारण शेतकरी कोर्टात पोचतच नव्हता. त्यातूनच १८७९ चा कायदा आला. कोर्टानं खताच्या मागे जाऊन खरा हिशोब तपासावा, हप्ते पाडून द्यावेत आणि शेतकऱ्याला कर्जापायी कैद करू नये, असं त्यात होतं. तेव्हा सरकारला कळलं, की न फेडणारा प्रत्येकजण लबाड नसतो. शेजाऱ्यांना कळायला वेळ लागतो, एवढंच.

माझं म्हणाल तर आधी हप्त्यांचा अर्ज देतोय. निकालानंतर हप्ते पाडायला समोरच्याची संमती लागते. महिना सहा हजार मी देऊ शकतो, त्याहून जास्त कबूल करणार नाही. ते नाही म्हणाले तर नादारीचा अर्ज तयार आहे, त्यावर सही करताना हात थरथरू नये एवढीच इच्छा.

एक मात्र सांगतो. कोर्टाचा कागद आला तर तो घ्या. बेलिफाला दारातून परत पाठवू नका, तारखेला जा. कुणी गेलंच नाही, तर कोर्टासमोर एकाच बाजूचं म्हणणं उरतं. मी गेलो, म्हणून व्याजाचा दर तरी खाली आला.