काकांची चप्पल

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभेत कौटुंबिक सहलीचा विषय निघाला. जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनाला आपण जातोच. यंदा मुलाबाळांसह एखाद्या मनोरंजन उद्यानात जाऊ, अशी सूचना तरुण मंडळींनी मांडली. त्यावर एक वयोवृद्ध सभासद उभे राहिले. "पैसे देऊन उंचावर चढायचे नि किंचाळत खाली यायचे, यात कुटुंबाचे कल्याण ते कोणते?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. सवाल गैर नव्हता. कष्टकऱ्यांच्या घरात एका दिवसाच्या मौजेचा खर्च महिनाभर जाणवतो, हे आम्ही जाणून आहोत. सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. आम्ही मात्र तेवढ्यात १९९१ सालच्या मे महिन्यात जाऊन पोहोचलो होतो.

आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. घर खानापूर तालुक्यात, दोन एकर भातशेती, दारात फणस. बाबा थोरले, काका धाकटे, ते मुंबईस कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर आमच्या काकांच्याही हाताचे काम थांबले. ते पुन्हा मिळालेच नाही. पुढच्या वर्षी काका गावी आले व शेतातला आपला वाटा विकून द्या म्हणाले. बाबांनी नकार दिला. आई जिवंत असताना शेत तोडणार नाही, हा त्यांचा हेका. दोघांचेही आपापल्या परीने खरे होते, हे आज कळते. त्या रात्री काका न जेवता उठून गेले, आणि पुढची आठ वर्षे भावाचा भावाला शब्द नाही. आई व काकी तेवढ्या आंतर्देशीय पत्रे लिहीत.

अशाच एका पत्रातून कळले, की काकांच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आहे. आजीने बाबांशी वाद घातला नाही. तिने तांदूळ, काजू व फणसाची साठे एका पिशवीत भरली आणि पिशवी बाबांच्या वाटेत, उंबऱ्यावर नेऊन ठेवली. दोन दिवस ते ती ओलांडून जात-येत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलली, आणि आम्ही सर्व बेळगावला रात्रीच्या एसटीत बसलो.

परळच्या त्या खोलीत दोघे भाऊ मुलांच्या तोंडून बोलत. "काकाला विचार, आंघोळीचे पाणी काढले का?" काका तीन हातांवर उभे असत. समारंभ उत्तम पार पडला. संध्याकाळी काकांनी, भिंतीकडे पाहत, जाहीर केले, की उद्या सर्वांनी एस्सेलवर्ल्डला जायचे. ते त्या वेळी एका इमारतीवर रात्रपाळीचे पहारेकरी होते. बाबा आईला हळूच म्हणाले, "एवढे साठले होते, तर भांडण कशाचे होते?" काकांनी ते ऐकले असावे. खोली केवढी होती!

मुंबईच्या वायव्येस, खाडीपलीकडे गोराई आहे. मासेमारी व शेती करणाऱ्या आपल्या कॅथलिक बांधवांची तेथे जुनी वस्ती आहे. तेथेच १९८९ साली हे उद्यान उघडले होते. लोकलने बोरिवली, तेथून बसने खाडीचा धक्का, मग लाँच. दोन्ही काठांवर तिवरांची झाडी, वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास. लाँचमध्ये गळ्यात क्रूस घातलेली एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिने बाबांना "कुठल्या गावचे?" असे मराठीत विचारले, तेव्हा मुंबईत आल्यापासून प्रथमच बाबांचा चेहरा सैल झाला.

मुलांनी काय काय केले ते सांगत बसत नाही. सांगायचे आहे ते रुळांवरच्या गाडीचे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली पाच सेंट तिकिटात अशी गाडी चालविली. तिचा वेग धावत्या माणसाएवढाच होता. आता वेग वाढला, तत्त्व तेच आहे. बहुतेक अशा गाड्यांना इंजिन नसते. एक साखळी गाडीला पहिल्या उंचवट्यावर ओढून नेते. पुढचा सारा प्रवास तेवढ्या चढणीच्या पुंजीवर होतो. चढताना टक् टक् असा आवाज येतो, तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्टीचा. ऐकणाऱ्यास मात्र काहीतरी तुटत असल्याचाच भास होतो.

आई व काकी सामानापाशी बसल्या. बाबाही बसणार होते, पण आमची धाकटी बहीण त्यांच्यावाचून हलेना. रांगेच्या टोकाशी गाडीवरचा मुलगा जोड्या लावीत होता. त्याला आमच्या घरातील आठ वर्षांचे काय ठाऊक! त्याने बहिणीला चुलत बहिणीशेजारी बसविले, आम्हांला एका अनोळखी कॉलेजकुमाराशेजारी, आणि आमच्या पुढच्या बाकावर बाबा व काका. दोघांत मिळून मांडीवर येणारा एकच लोखंडी दांडा. बाबा अंगाने भरलेले. दांडा त्यांच्या पोटाशी टेकला आणि तेथेच अडकला. काका संपापासून वाळत गेलेले. त्यांच्यापुढे चांगली वीतभर फट राहिली. मुलाने दांडा हलवून पाहिला, ठीक आहे म्हणाला आणि निघून गेला. बाबांची नजर त्या फटीवरून हलेना.

गाडी चढू लागली. टक् टक् टक्. काका दोन्ही मुठींनी दांडा धरून ताठ बसले होते. माथा जवळ आला तसा बाबांचा डावा हात उठला व काकांच्या छातीवरून आडवा गेला. बैलगाडीत पुढे बसलेल्या पोराला उतारावर धरतात, तसा. "मला धर रे, मला धर," बाबा म्हणाले. मग गाडी कोसळली, आणि पुढचे आम्हांस फक्त आमचे स्वतःचे ओरडणे आठवते.

खाली आल्यावर हात लगेच मागे गेला. दोघेही इकडेतिकडे पाहू लागले. शेवटी काका म्हणाले, "दादा, माझी चप्पल पडली."

खरोखरच एका पायात चप्पल नव्हती. रुळांखाली जाऊ देईनात. संध्याकाळी गाडी बंद झाल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले. तोवर कोण थांबतो! उरलेली चप्पल हातात घेऊन काका दिवसभर अनवाणी हिंडले. मे महिन्याची फरशी तापलेली. ते सावलीसावलीने उड्या मारीत चालत आणि मुले हसत. बाबाही हसले. बोरिवली स्थानकाबाहेर पदपथावरच्या विक्रेत्याकडून बाबांनी चपलांचा जोड घेतला. घासाघीस केली, माप मात्र विचारले नाही. काकांनी तो मुकाट्याने पायात घातला. जोड अगदी बरोबर बसला.

म्हणून सारे गोड झाले असे कोणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी धूळवाफ पेरणीची घाई सांगून बाबा निघाले. शेताची वाटणी पुढे १९९३ साली झाली, तेव्हा बांध कोठे घालावा यावरून दोघांचे आवाज पुन्हा चढले; फणस कोणाचा, हा वाद तर आजीने झाडाखाली खाट टाकून मिटविला. पण वाद समोरासमोर, एकमेकांच्या तोंडावर झाले. पत्रे काका स्वतः लिहू लागले. आज ते दोघेही प्रभूच्या घरी आहेत. ते उद्यानही २०२२ साली बंद झाले.

"फादर, आपले मत?" वृद्ध सभासदांनी पुन्हा विचारले. आम्ही उद्यानाच्या बाजूने हात वर केला. सभेने ते मान्य केले. आमची एक अट मात्र कार्यवृत्तात नोंदविण्यात आली आहे: सहलीस येणाऱ्या प्रत्येकाने मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत.