हमिंगचा षड्ज

आमच्या घरात टेप आला तो १९८८ च्या दिवाळीत, आणि त्याच्याबरोबर एक सूर आला. कॅसेट घातलेली नसो, आवाजाचं बटण पार खाली असो, स्विच दाबला की दोन्ही स्पीकरांतून खालचा, गोल, अखंड असा 'ऊं' सुरू व्हायचा. टेप जोडून देणारे काका त्याला हमिंग म्हणत. अण्णांचा चेहरा उतरला. साठवलेल्या पैशांची वस्तू, आणि घरात आल्या आल्या कण्हायला लागली! आई पोळ्या लाटत होती. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, कोनाड्यातली पेटी ओढली, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "अहो, हा तर पांढरी पाचात घुमतोय."

हे मिरजेत घडलं. आमच्या घरापासून सतारमेकरांची गल्ली चालत पाच मिनिटांवर होती. तिथं दारादारात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे वाळत टांगलेले असत आणि आत कुणीतरी घोडीवर कानस फिरवून तारेखाली दोरा सरकवत जवारी काढत बसलेलं असे. आई लहानपणी गाणं शिकली होती. माहेरचा तंबोरा भावाकडे राहिला, तिच्याबरोबर पेटी आली. त्या वर्षी अण्णांच्या हातात जे पैसे आले त्यात एक तंबोरा तरी येत होता किंवा एक टेप तरी. आई म्हणाली, टेप घ्या, पोरांच्या कानावर काही पडेल. ती हे किती सहज म्हणाली ते मला आठवतं. त्या सहजपणामागे काय होतं, ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

कंपनीचा सेट परवडणाऱ्यातला नव्हताच. स्टेशन रोडवरच्या एका छोट्या दुकानात काका असेंबल डेक करून देत. पुण्याला बुधवारात पासोड्या विठोबाजवळ जाऊन ते सामान आणायचे. डेकची मेकॅनिझम, ट्रान्सफॉर्मर, ४४४० नंबरचा आयसी, आणि वर नाचणारे तांबडे-हिरवे दिवे. डब्यावर शेकड्यांनी वॅट छापलेले असत. तो आयसी खरा देणार एका बाजूला सहा वॅट. पण दहा बाय बाराच्या खोलीला सहा वॅट भरपूर होतात, हे मी अनुभवानं सांगतो. एवढ्याशा खोलीत आवाज मोठा लागत नाही, जवळचा लागतो.

प्लायवूडच्या खोक्यांचे पैसे वाचवायला काकांनी युक्ती सांगितली. कुंभाराकडून दोन माठ आणायचे आणि तोंडावर स्पीकर उताणा बसवायचा. तेव्हा बऱ्याच घरांत असे माठ असत. आता, चाकावरचा माठ तो, दोन जुळे कुठून निघणार? डावा जरा पोटाळ निघाला. तबल्याचा बायाँ त्यात घुमून घुमून सगळं गाणं झाकून टाकी. आईनं आपल्या जुन्या नऊवारीचे तुकडे आत कोंबले. थोडे काढले, पुन्हा घातले, दर वेळी बोटानं माठावर टिचकी मारून ऐकलं. दोन दिवसांनी दोन्ही माठ एका घरचे वाटायला लागले. "भोपळा काय नि माठ काय," ती म्हणाली, "पोकळी नीट पाहिजे."

लोक विचारत, टिकतो का हो असला असेंबल? टिकणं म्हणजे न बिघडणं असेल, तर आमचा टेप मुळीच टिकला नाही. उन्हाळ्यात रबरी बेल्ट सैल पडे आणि गाणारी बाई झोपेतून उठल्यासारखी गाऊ लागे. मग बेल्ट काढून उकळत्या पाण्यात टाकायचा, तो आवळे, पुढचे काही आठवडे निभावत. पावसाळ्यात कुठलातरी टाका सुटायचा आणि एक माठ मुका व्हायचा. डब्याच्या डाव्या कडेला, मागून चार बोटांवर थाप मारली की परत बोलू लागे. थाप कुठं आणि किती जोरात, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि थापेनंही भागलं नाही, तर कॅसेट बदलायची. नव्या सिनेमांची गाणी स्टिरिओ, त्यांतली अर्धी व्हायोलिनं मुक्या माठात अडकून पडत. जुनी गाणी मोनो. दोन्हीकडे तेच, त्यामुळे एका माठातही पूर्ण. आमच्या घरी म्हणूनच आषाढ-श्रावणात जुनी गाणी जास्त वाजली. मला आजही पागोळ्यांच्या आवाजाबरोबर तीच गाणी आठवतात.

माझ्याकडे एक काम होतं आणि ते मी कुणाला करू देत नसे. हेडच्या शेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो, टेपच्या पट्टीसमोर हेड किती सरळ उभं राहायचं ते तो ठरवतो. पट्टी चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. हेड केसभर कललं तरी वरचे सूर विझतात. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचा कल वेगळा, आमच्या डेकचा वेगळा. झाकणाच्या भोकातून घड्याळजीचा पेचकस आत घालायचा, श्वास रोखायचा आणि गाण्यातल्या 'स'कडे कान द्यायचा. आधी तो 'स' गोधडीखालून आल्यासारखा असतो. पेचकस गव्हाच्या दाण्याएवढा फिरला की गोधडी सरकते. आणखी जरासा, आणि बाई समोर येऊन बसते. तिचे ओठ मिटल्याचंसुद्धा कळतं. त्यापुढे गेलात की पुन्हा गोधडी. तो एक बिंदू सापडला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हां. तिथंच राहू दे."

आणि या सगळ्याखाली तो 'ऊं' होताच. पुढे शाळेत वीज शिकलो तेव्हा त्याचं मूळ उमगलं. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, डायोड तिच्या उलट्या लाटा सुलट करतात, म्हणून डब्यात शंभर लाटा होतात. त्या सपाट करायला कपॅसिटर असतो. आमच्यात तो लहान होता, तेवढेच पैसे वाचले होते. शंभर म्हणजे पांढरी पाच आणि काळी चारच्या मध्ये, पांढरीकडे झुकलेला. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की ग्रिडवर ताण यायचा आणि पन्नासाचे एकोणपन्नास व्हायचे. एकोणपन्नास दुणे अठ्ठ्याण्णव, आणि अठ्ठ्याण्णव म्हणजे नेमकी खर्जातली पांढरी पाच. पांढरी पाचात गाणाऱ्या बाईच्या तंबोऱ्याची चौथी तार असते ती हीच. हे गणित आईला कुणी सांगितलं नव्हतं. ती दिवेलागणीला कॅसेट न घालता टेप लावायची, दोन माठांच्या मध्ये पाटावर बसायची आणि डोळे मिटून 'सा' लावायची. शेजारपाजारच्यांना वाटे, टेप बिघडलाय आणि बाई बिचारी वाट बघत बसलीय.

नऊ-दहा वर्षांनी तो कपॅसिटरही सुकत आला. 'ऊं' वाढत वाढत इतका झाला की बोलणं ऐकू येईना. काका घरी आले, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून डबा उघडला, कथिलाचा वास घरभर झाला. मोठा, सत्तेचाळीसशेचा कपॅसिटर टाकून त्यांनी स्विच दाबला.

काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, टेप गेला.

"चालू हाय की," काका म्हणाले. "वैनी, आता बगा, कसा गप बसलाय."

आई दारात उभी होती. ती हसली, पण नेहमीसारखी नाही. मी हाताला लागली ती किशोरीताईंची भूपाची कॅसेट घातली. शेकडो वेळा ऐकलेली. बाईंनी स्वर लावायच्या आधीचे काही क्षण आमच्या लेखी नुसती घरघर असत. ते सरण्याची आम्ही वाट बघत असू. आज त्या जागी तंबोरा होता. चार तारा, एकीमागून एक, आणि जवारीतून निघणारी ती बारीक किनार. इतकी वर्षं तो त्याच पट्टीवर होता, आमच्याच खोलीत वाजत होता, आणि आमच्या 'ऊं'नं त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

आई आत आली. खाली बसली. पोटाळ माठाच्या कुशीला तिनं उजवा गाल टेकला आणि एक हात माठाच्या पाठीवर ठेवला. सतारमेकरांच्या गल्लीत नवा तंबोरा पारखणारे भोपळ्याला कान लावतात, तशी.

पहिला आलाप सुरू झाला तेव्हा तिनं डोळे न उघडता बोट वर केलं. "मागं घे," म्हणाली. "अगदी सुरुवातीला."

मी कॅसेट मागं घेतली.